११० टन हवा

मुंबईहून पुण्याला गाडी नेली की आपण पेट्रोलचा हिशेब मांडतो. १५० किमी अंतर, लिटरला १५ किमीचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे १० लिटर पेट्रोल. वजनात ते साडेसात किलोच्या आसपास भरतं. याच प्रवासात इंजिनाने आणखी एक गोष्ट ओढून घेतलेली असते आणि तिचं बिल कधीच येत नाही: हवा. १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. १० लिटरला झाली जवळपास ११० किलो. ३० अंश तापमानात एवढी हवा ९४,००० लिटर जागा व्यापते, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे ९,४०० लिटर. प्रौढ माणूस दिवसभरात १० ते ११ हजार लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. आपली छोटी गाडी जवळजवळ तेवढी हवा दर १५ किमीला संपवते.

हाच हिशेब दीड लाख किमीपर्यंत नेऊ. पेट्रोल १०,००० लिटर, साडेसात टन. हवा ११० टन, ९४,००० घनमीटर. ही सगळी हवा बॉनेटखालच्या एका प्लास्टिकच्या डब्यातून, त्यातल्या घड्या घातलेल्या कागदातून आणि मनगटाएवढ्या नळीतून जाते. या वाटेला गाडीवेड्यांच्या भाषेत ‘इनटेक’ म्हणतात. कंपनीची वाट काढून तिथे चकचकीत पाइप आणि उघडा कोन फिल्टर बसवायचा, की गाडीची ताकद आणि पिकअप वाढतो, असा समज मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत पक्का आहे. या समजावर हजारो रुपये खर्च होतात, म्हणून तो आकड्यांवर तपासून घेतला पाहिजे. आकडे ठामपणे सांगतात की इनटेकमधून जास्त हवा मिळवायला फारशी जागाच उरलेली नाही. त्याचं खरं काम थंड आणि स्वच्छ हवा देणं हे आहे.

सेकंदाला २०० श्वास

आपल्या रस्त्यांवर खूप वर्षं दिसलेलं मारुती स्विफ्टचं १,१९७ सीसीचं पेट्रोल इंजिन उदाहरणाला घेऊ. चार सिलिंडर, ६,००० आरपीएमला ८३ अश्वशक्ती. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. ६,००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा आणि चारही मिळून २०० वेळा हवा घेतात. पिस्टनला खाली जायला प्रत्येक वेळी ५ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पाव लिटरहून जास्त हवा आत यायला हवी. व्हॉल्व्हच्या फटीतून ती सेकंदाला ७० मीटरच्या पुढे, ताशी २५० किमीहून जास्त वेगाने घुसते.

पूर्ण थ्रॉटलला या इंजिनाला सेकंदाला सुमारे ५४ लिटर, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम हवा लागते. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा, पुढे ते वारंवार लागतील. बुगाटी शिरॉनचं १,५०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ६०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला १,००० लिटर हवा ओढतं. २००६ साली समुद्रात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाच्या इंजिनात १४ सिलिंडर आहेत आणि एकेका सिलिंडरचा आकार १,८२० लिटर आहे. हे इंजिन मिनिटाला फक्त १०२ फेऱ्या करतं, पण ते दोन स्ट्रोकचं असल्यामुळे त्याचे पिस्टन मिनिटाला २६ लाख लिटर जागा रिकामी करतात. हिशेब सगळीकडे सारखाच. जेवढी हवा आत, तेवढंच इंधन जळणार आणि तेवढीच ताकद मिळणार. म्हणूनच हवेची वाट मोकळी करण्याची कल्पना इतकी मोह घालते.

२० मिलिमीटरचं भोक

इंजिनाला हवेसाठी किती मोठी वाट पुरते? याचं उत्तर रेसिंगमध्ये सापडतं. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमी व्यासाच्या एकाच भोकातून यायला हवी, असा नियम आहे. २०१९ पासून आलेलं १ रुपयाचं नाणं बरोबर एवढंच आहे. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’मध्येही हाच नियम लागू असतो आणि महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम त्याच्याशी झुंजतात.

भोक लहान असलं की हवेचा वेग वाढत जातो आणि शेवटी ध्वनीच्या वेगाला अडतो. त्यापुढे इंजिनाने कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. २० मिमीच्या भोकाची ही कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम आहे. आपल्या स्विफ्टला पूर्ण जोरात ६५ ग्रॅम लागतात. एवढ्याशा भोकातून ही मुलं ६०० सीसीच्या मोटरसायकल इंजिनांतून ८० अश्वशक्तीच्या आसपास ताकद काढतात. स्विफ्टला असं भोक बसवावं, असा याचा अर्थ नाही. त्यातून जाताना बराच दाब वाया जातो आणि तो परत मिळवण्यासाठी भोकाच्या मागे हळूहळू रुंदावत जाणारी नळी व हवेची टाकी फार काळजीने बनवावी लागते. तरी हवेला लागणारी वाट आपण समजतो त्याहून किती लहान असते, हे यावरून कळतं.

वाट खरोखरच आवळलेली असली, तर थोडी मोकळी केल्यानेही मोठा फरक पडतो. १९९५ साली जागतिक रॅली स्पर्धेत टर्बोच्या तोंडाशी ३४ मिमीचं बंधन होतं. टोयोटाच्या संघाने ते इतक्या चतुराईने बनवलं की पाइप घट्ट बसवला की भोकाच्या बाजूने ५ मिमीपर्यंत फट उघडायची आणि पाइप काढला की मिटायची. या फटीतून सुमारे २५ टक्के जादा हवा आणि ५० अश्वशक्ती मिळत असावी, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. संघाचे त्या हंगामातले गुण गेले आणि १२ महिन्यांची बंदी आली. पण ही किमया घडली ती नियमाने मुद्दाम गळा आवळलेल्या इंजिनावर. आपल्या गाडीचा गळा कंपनीने आवळलेला नाही.

रुंद पाइपचा नफा

स्विफ्टसारख्या गाडीत इनटेक पाइप ६० मिमीचा धरू. सेकंदाला ५४ लिटर हवा त्यातून १९ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ६९ किमीने जाते. एवढ्या वेगासाठी लागणारा दाब फक्त २१० पास्कल आहे. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल, त्यातले हे ०.२ टक्के. आता ७५ मिमीचा जाड पाइप घाला. वेग १२ मीटरवर येतो आणि दाब ८६ पास्कलवर. वाचले १२४ पास्कल, म्हणजे ०.१२ टक्के. ८३ अश्वशक्तीत हे झाले ०.१ अश्वशक्ती. वळणं आणि कोपरे धरून हा आकडा चौपट केला, तरी अर्धी अश्वशक्तीही होत नाही.

बॉनेटवर समोरून हवा पकडणारं तोंड बसवलं तर? ताशी १०० किमीला समोरून येणारा वारा जास्तीत जास्त ४४० पास्कल दाब देतो. ते ०.४४ टक्के, म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या निम्मंही नाही.

आता संपूर्ण वाट घेऊ: तोंड, डबा, फिल्टर, पाइप. पूर्ण जोरात या सगळ्यात मिळून २ किलोपास्कल दाब पडतो असं धरू. जगातला सर्वोत्तम इनटेक बसवून हा विरोध शून्यावर आणला, तरी मिळणार २ टक्के, म्हणजे पावणेदोन अश्वशक्ती. यापुढे मर्यादाच आहे, कारण बाहेरच्या हवेत त्याहून जास्त दाब नाही. टर्बो असलेल्या गाडीत आधी गेलेला दाब टर्बोतून पुढे तितक्याच पटीने वाढत जातो, त्यामुळे तिथे फायदा थोडा जास्त दिसतो. पण बहुतेक वेळा इंजिनाचा संगणक ठरलेला दाब राखून हा फरकही भरून काढतो.

२ किलोपास्कल म्हणजे किती, हे बोरघाटात कळतं. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना आपण साधारण ५५० मीटर वर जातो आणि हवेचा दाब ६ किलोपास्कलांहून जास्त उतरतो. इनटेकचा अख्खा विरोध घाटाच्या एक तृतीयांश चढाइतका आहे. मुंबईचा माणूस पुण्यात गाडी चालवताना सुमारे ६ टक्के कमी दाबाची हवा वापरत असतो आणि त्याच्या ते ध्यानातही येत नाही. लडाखमध्ये ५,७९८ मीटर उंचीवरच्या उमलिंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे ८३ अश्वशक्तीचं इंजिन ४० च्या आसपास उरतं आणि कोणताही पाइप ते परत आणू शकत नाही.

तीन अंशांना एक टक्का

दाबाचा हिशेब लहान निघाला, तापमानाचा मोठा आहे. हवा साधारण ३ अंशांनी तापली की तेवढ्याच जागेत मावणाऱ्या हवेचं वजन १ टक्क्याने घटतं. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश असतील, तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा ९ टक्क्यांनी विरळ असते. ८३ मधल्या ७ अश्वशक्ती तिथेच गेल्या. त्यात तापलेल्या हवेने इंजिन ठोकू लागतं, मग संगणक स्पार्क मागे घेतो आणि आणखी ताकद कमी होते.

म्हणून डबा काढून इंजिनाच्या कुशीत उघडा कोन फिल्टर बसवणं हा या सगळ्यातला सर्वात तोट्याचा सौदा आहे. दाबातून मिळणार जास्तीत जास्त २ टक्के आणि ट्रॅफिकमध्ये तापलेल्या हवेतून जाणार ९ टक्के. कंपनीचा बंद डबा आणि त्याचं हेडलाइटजवळ बाहेर काढलेलं तोंड दिसायला साधं असतं, पण बाहेरची थंड हवा आत आणण्यासाठीच ते तिथे असतं.

डब्याच्या बाजूला लटकणाऱ्या रिकाम्या प्लास्टिकच्या पोकळीलाही काम असतं. ती रेझोनेटर. व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना पाइपमध्ये दाबाची लाट उठते. ३५ अंशांना ध्वनी सेकंदाला ३५० मीटर धावतो, म्हणजे ५ मिलिसेकंदांत पावणेदोन मीटर. ही लाट कधी परतते यावर सिलिंडर किती भरणार हे ठरतं. नळीची लांबी आणि पोकळ्या त्यासाठी मोजून ठरवलेल्या असतात. त्या काढल्या की इंजिनाचा घरघराट मोकळा होतो आणि कानाला ती ताकद वाटते. आवाज खरोखर वाढलेला असतो. ताकद त्या मापात वाढत नाही.

७२ कोटी कण

आता सर्वात महत्त्वाचा आकडा: धूळ. १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा वाळूचा कण घ्या. अशा १ ग्रॅम धुळीत सुमारे ७२ कोटी कण बसतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ भरपूर असतो आणि मोह्सच्या मापावर त्याची कठीणता ७ आहे. इंजिनाच्या लोखंडापेक्षा तो कठीण आहे. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. ५ ते २० मायक्रॉनचे कण त्या थरात अडकतात आणि दोन्ही बाजू घासत राहतात.

भारतात हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. उसाच्या ट्रॉल्यांमागे किंवा मुरमाच्या रस्त्यावरच्या फुफाट्यात ती कित्येक पटींनी ओलांडली जाते. सरासरी दहापट, म्हणजे घनमीटरला १ मिलिग्रॅम धरू. मग दीड लाख किमीत ९४ ग्रॅम धूळ इंजिनाच्या दारात येते, म्हणजे साडेसहा हजार कोटींहून जास्त कण. ९९.५ टक्के धूळ अडवणारा फिल्टर त्यातले अर्धा ग्रॅमही आत सोडत नाही, तरी ३४ कोटी कण जातातच. ९७ टक्के अडवणारा फिल्टर २.८ ग्रॅम आत सोडतो, म्हणजे २०० कोटींहून जास्त. ९९.५ आणि ९७ हे आकडे शेजारी-शेजारी वाटतात, पण इंजिनाच्या पोटात जाणारी धूळ सहापट होते.

कागदी फिल्टर हे काम कसं करतो? ५० घड्या, प्रत्येक ४ सेंमी खोल आणि २० सेंमी लांब असतील, तर उलगडल्यावर कागद ०.८ चौरस मीटर भरतो. पाइपमध्ये सेकंदाला १९ मीटरने धावणारी हवा या कागदातून सेकंदाला फक्त ७ सेंमीने जाते. वेग २८० पटींनी उतरतो आणि धूळ मागे राहते. म्हणून फिल्टर निवडताना बाहेरच्या आकारापेक्षा आत किती कागद बसवला आहे ते बघा. थोडी धूळ बसलेला कागद नव्यापेक्षा जास्त चांगला गाळतो. गॅरेजमध्ये दर वेळी ‘फिल्टरला हवा मारून देतो’ म्हणतात, पण त्या कॉम्प्रेसरमध्ये ७०० किलोपास्कलच्या आसपास दाब असतो आणि कागद २ किलोपास्कलांसाठी बनवलेला असतो. फाटलेली घडी डोळ्यांना दिसत नाही, धुळीला मात्र सापडते.

तेल लावलेल्या सुती जाळीचे धुऊन वापरायचे फिल्टर जगभर लोकप्रिय केले ते कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला १९६९ साली सुरू झालेल्या ‘के अँड एन’ने. असा फिल्टर घेताना त्याचा आयएसओ ५०११ चाचणीचा आकडा मागा. किती टक्के धूळ अडवली, किती धूळ साठवली आणि किती दाब पडला, हे तिन्ही त्यात कळतं. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. जुन्या सेन्सरांत तापवलेली प्लॅटिनमची तार फक्त ७० मायक्रॉन जाडीची असायची. त्यावर तेलाचा थर बसला की मोजमाप चुकतं.

३० मिलिलिटर पाणी

थंड हवेसाठी काही जण फिल्टर बंपरच्या तळाशी नेतात. कोरड्या देशात ते चालून जातं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडलेल्या शहरात ते चालत नाही. स्विफ्टच्या एका सिलिंडरचा आकार ३०० मिलिलिटर आणि कॉम्प्रेशन ११ पट धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ३० मिलिलिटर असते. पाणी दबत नाही. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. सेकंदाला ५४ लिटर ओढू शकणाऱ्या तोंडासमोर ३० मिलिलिटर म्हणजे काहीच नाही. कंपनीने तोंड उंचावर ठेवलं असेल, तर ते तिथेच राहू द्या.

अ‍ॅव्हरेजचं काय?

२००९ साली अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मुद्दाम तुंबवलेले फिल्टर घालून गाड्या तपासल्या. इंधन-इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांचं अ‍ॅव्हरेज जवळजवळ जागचं हललं नाही. फक्त वेग पकडायला वेळ जास्त लागला, ६ ते ११ टक्के. कारण सरळ आहे. रोज चालवताना आपण अर्धवट थ्रॉटलवर असतो. इंजिन रिकामं चालत असताना थ्रॉटलची झडप सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मेनिफोल्डमधला दाब ३०-३५ किलोपास्कलांवर आणते, म्हणजे आपणच ६५ किलोपास्कलांची अडवणूक घातलेली असते. त्यापुढे फिल्टरचे एक-दोन किलोपास्कल हिशेबात येत नाहीत. तुंबलेल्या फिल्टरनेही जे अ‍ॅव्हरेज उतरत नाही, ते नव्या इनटेकने वाढणारही नाही.

निवडताना, बनवताना

आधी मोजा. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वळवा, निम्मी पाण्याने भरा आणि एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडा. पूर्ण थ्रॉटलला पाण्याच्या पातळीत १० सेंमी फरक पडला, तर साधारण १ टक्का दाब जातो आहे. तोच फरक २५ सेंमी असेल, तर फिल्टर तुंबला आहे किंवा वाट अरुंद आहे आणि खर्चाला कारण आहे. तो ८-१० सेंमी असेल, तर बदलून मिळवण्यासारखं काही नाही. शेजारी बसून कुणी आकडा टिपेल असं बघा आणि रहदारी नसलेली जागा निवडा. गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या ओबीडीच्या सॉकेटला छोटं रीडर लावून आत येणाऱ्या हवेचं तापमानही बघा. बाहेरच्यापेक्षा २० अंश जास्त दिसत असेल, तर डब्याभोवती उष्णता अडवणारी भिंत घालणं हा पाइपपेक्षा जास्त ताकद देणारा बदल आहे.

स्वतः बनवणार असाल, तर जोड हवाबंद ठेवा. फिल्टरच्या कडेला १ मिमी रुंद आणि १० सेंमी लांब फट राहिली, तर १ किलोपास्कल दाबाला तिथून सेकंदाला अडीच लिटर न गाळलेली हवा आत जाते. म्हणजे ४-५ टक्के. ९९.५ टक्क्यांचा फिल्टर ९५ वर येतो आणि धूळ दहापट होते. गाडीत हवा मोजणारा सेन्सर पाइपमध्ये असेल, तर तिथला व्यास मिलिमीटरनेही बदलू नका. ६० चा ६६ मिमी केला, तर तीच हवा सेन्सरला १७ टक्के कमी दिसते आणि इंधन त्या मापाने कमी पडतं.

कायदाही बघा. कॅलिफोर्नियात असा इनटेक रस्त्यावर वापरायचा तर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं आहे.

दुकानात विक्रेत्याला तीन आकडे विचारा: पूर्ण प्रवाहाला किती पास्कल दाब पडतो, हवा किती अंशांनी तापते, किती टक्के धूळ अडते. तिन्हींची उत्तरं कंपनीच्या डब्यापेक्षा चांगली असतील, तर खुशाल घ्या. नाहीतर त्याच पैशांतला थोडासा भाग चांगल्या कागदी फिल्टरवर खर्च करा, तो वेळेवर बदला आणि डब्याच्या क्लिपा घट्ट लावा. इंजिन दीड लाख किमीनंतरही धडधाकट राहणं हीच त्यातली खरी कमाई आहे, आणि ती एका पाइपने मिळणाऱ्या ताकदीहून कितीतरी मोठी आहे.